नाव न ऐकलेल्या छोट्या अमेरिकन कॉलेजात जावं का? ठरवण्याआधी करायची कामं

मार्चअखेर प्रवेशाचा ईमेल येतो. घरात पेढे येतात, आणि पेढा तोंडात असतानाच कुणीतरी विचारतं, "कुठलं म्हणालीस कॉलेज? कधी ऐकलं नाही गं." दुसरा प्रश्न लगेच मागून येतो: "आर्ट्सला चाललीस? मग बारावी सायन्स कशाला केलंस?"

मी सांगलीहून अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या अशाच एका छोट्या कॉलेजात गेले होते, तेव्हा हे दोन्ही प्रश्न आमच्याकडेही विचारले गेले. गेली काही वर्षं ओळखीतल्या मुलामुलींची प्रवेशपत्रं त्यांच्यासोबत बसून वाचते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नाव कुणी ऐकलं नाही, यात धोका नसतो. खरे धोके दुसरीकडे असतात, आणि ते बहुतेक सगळे घरबसल्या, फुकट तपासता येतात. एप्रिलचा महिना त्यासाठी पुरतो. कामं कुठल्या क्रमाने करायची, ते सांगते.

आधी 'आर्ट्स'चा घोळ मिटवा

अशा छोट्या कॉलेजांना अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. लिबरल आर्ट्स म्हणजे आपली कला शाखा नव्हे. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संगीत सगळं एकाच छपराखाली शिकवतात. मुख्य विषय, म्हणजे मेजर, साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा असतो. मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) हे शब्द नव्या शैक्षणिक धोरणाने आता आपल्याकडेही आणले आहेत, त्यामुळे घरी समजावणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. विद्यार्थी साधारण हजार ते अडीच हजार. पदव्युत्तर विद्यार्थी जवळपास नसतातच, त्यामुळे प्राध्यापक शिकवतो तो तुम्हालाच आणि प्रयोगशाळेत मदतीला घेतो तोही तुम्हालाच. मोठ्या विद्यापीठात ही जागा पीएचडीच्या विद्यार्थ्याची असते.

नावाबद्दल एवढंच सांगते. मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज अमेरिकेतल्या सर्वात नावाजलेल्या कॉलेजांपैकी एक आहे. सांगली-मिरजेत शंभर जणांना विचारा, किती जणांना ठाऊक असेल? आणि त्याच कॉलेजातून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या माणसांपैकी एक झाला. म्हणजे त्या कॉलेजचा मराठीशी संबंध दोनशे वर्षांचा, तरी आपल्याला नाव नवीन. आपल्या गल्लीला नाव माहीत असणं हे मोजमाप म्हणून उपयोगाचं नाही. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात शिकलेले जॉन फेन यांना २००२ मध्ये आणि मिनियापोलिसच्या ऑग्सबर्गमध्ये शिकलेले पीटर अग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हेही मोजमाप नाही. नोबेलवाले बोटांवर मोजण्याइतके, आणि तुमची चार वर्षं तुमचीच असणार आहेत. म्हणून पुढची कामं.

कॉलेज चार वर्षं टिकेल का, हे सगळ्यात आधी पाहा

हे वाक्य वाचून पालक दचकतात. आपल्याकडे जुनं कॉलेज बंद पडल्याचं सहसा ऐकू येत नाही. अमेरिकेत पडतात. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ मध्ये सुरू झालं होतं. २९ एप्रिल २०२४ रोजी त्यांनी जाहीर केलं की चालू सत्र संपलं की कॉलेज बंद. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न त्याच वर्षी ३१ मे रोजी बंद झालं. ते १८५६ सालचं. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये गेलं. उलटही घडतं: व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचं सांगितलं, माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा केला, न्यायालयात गेल्या, आणि कॉलेज वाचलं. पण त्या भरवशावर कुणी प्रवेश घेऊ नये. कॉलेज बंद झालं की अमेरिकन मुलगी घरी जाऊन शांतपणे विचार करू शकते. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असता. ठरलेल्या मुदतीत दुसरं कॉलेज शोधून तिथे नोंद बदलून घ्यावी लागते, आणि तुमची स्कॉलरशिप तुमच्यासोबत येतेच असं नाही.

हे तपासायला लागतो एक रविवार.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 'कॉलेज नॅव्हिगेटर' या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव घाला. एकूण विद्यार्थी किती, पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षाला किती टक्के टिकतात, पदवी किती जण घेतात, हे तिथे मिळतं. टिकण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर असेल तर मी निर्धास्त होते. सत्तरीच्या आसपास असेल तर मुलं का सोडून जातात, हे कॉलेजला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पदवीचं प्रमाण पाहताना चार वर्षांचा आकडा पाहा. माहितीपत्रकात बऱ्याचदा सहा वर्षांचा छापलेला असतो, आणि पाचव्या वर्षाची फी तुम्हालाच भरायची आहे. मग गेल्या आठ-दहा वर्षांत विद्यार्थीसंख्या कशी गेली ते पाहा. थोडी खालीवर चालते. पण १,४०० ची ९०० झाली असेल तर ती घसरण आहे, आणि तिचं कारण कळायला हवं.

दुसरं, ही कॉलेजं ना-नफा संस्था असल्यामुळे त्यांचा 'फॉर्म ९९०' हा वार्षिक कर-अहवाल सार्वजनिक असतो. त्यात जमा आणि खर्च शेजारी-शेजारी असतात. एखाद्या वर्षाची तूट मी सोडून देते, सलग तीन-चार वर्षांची नाही. शिवाय शिक्षण खातं खासगी कॉलेजांना आर्थिक जबाबदारीचा गुणांक देतं. तो उणे १ ते ३ या पट्टीवर असतो, आणि १.५ च्या खाली गेलेल्या कॉलेजबद्दल प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरं, कॉलेजचा दर्जा तपासून त्याला मान्यता देणारी संस्था. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर तळाला तिचं नाव असतं. त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन कॉलेजच्या नावापुढे 'वॉर्निंग' किंवा 'प्रोबेशन', म्हणजे मान्यता धोक्यात असल्याची खूण, लिहिलंय का पाहा. कॉलेज स्वतःच्या पहिल्या पानावर हे लिहिणार नाही. पुढे भारतात परत येऊन समकक्षता प्रमाणपत्र (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची असल्याचा दाखला) घ्यायची वेळ आली, तर हीच मान्यता लागते.

एन्डाउमेंट, म्हणजे देणग्यांतून साठलेली गंगाजळी, किती आहे हेही पाहा, पण ती विद्यार्थीसंख्येने भागून पाहा. आयोवातलं ग्रिनेल गाव दहा हजारांच्या आतलं, कॉलेजात मुलं सतराशेच्या आसपास, आणि गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या वर. तिथे टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गाव लहान म्हणजे कॉलेज गरीब, असं समीकरण नाही.

पैसे: एका वर्षाचे नव्हे, चार वर्षांचे

इथे मी कागद-पेन घेऊनच बसवते.

समजा, कॉलेजचा वर्षाचा पूर्ण खर्च, म्हणजे शिकवणी, खोली, मेस, आरोग्य विमा आणि इतर फी मिळून, ७२,००० डॉलर आहे. तुम्हाला पत्र आलं: वर्षाला ३८,००० डॉलरची स्कॉलरशिप. घरात आनंद. बाबा लगेच हिशेब करतात: उरले ३४,०००, गुणिले चार, १,३६,०००.

आता थांबा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिप बहुधा तेवढीच राहते. खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर तुम्ही भरायची रक्कम पहिल्या वर्षी ३४,०००, दुसऱ्या वर्षी ३६,८८०, तिसऱ्या वर्षी ३९,८७५ आणि चौथ्या वर्षी ४२,९९० होते. बेरीज १,५३,७४५. बाबांच्या हिशेबापेक्षा १७,७४५ डॉलर जास्त. डॉलर ९० रुपयांचा धरला तर हा फरकच सोळा लाखांच्या घरात जातो, आणि एकूण बेरजेत विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे, पुस्तकं काहीच नाही. रुपयाही चार वर्षं एका जागी बसून राहणार नाही.

म्हणून कॉलेजला लेखी विचारा: फी वाढली की माझी मदत वाढणार का? स्कॉलरशिप चालू राहायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो? एका सत्रात गुण घसरले तर सुधारायला संधी मिळते का?

आणखी एक जागा आहे जिथे लोक फसतात. मदतीच्या पत्रात कधीकधी कॅम्पसवरच्या नोकरीचे दोन-अडीच हजार डॉलरही 'मदत' म्हणून बेरजेत धरलेले असतात. ते पैसे काम केल्यावर पगार म्हणून मिळतात, फीमधून आधी वजा होत नाहीत. ऑगस्टमध्ये फी भरताना ते तुमच्या हातात नसतील.

स्कॉलरशिपचा मोठा आकडा पाहून भारावूनही जाऊ नका. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त शिकवणी फी माफ होते. छापील किंमत पूर्ण भरणारे थोडेच असतात. साडीच्या दुकानात चिठ्ठीवरची किंमत आणि द्यायची किंमत वेगळी असते, तसंच हे. तुलना करायची ती द्यायच्या किमतीची. परदेशी विद्यार्थ्यांना हे कॉलेज साधारण किती मदत करतं, याचा आकडा कॉलेजं स्वतःबद्दलचे आकडे ज्यात देतात त्या 'कॉमन डेटा सेट' नावाच्या दस्तऐवजात, 'एच' विभागातल्या सहाव्या प्रश्नात सापडतो. तो डोळ्यांखालून घाला, म्हणजे आपल्याला मिळालेली मदत कमी आहे की जास्त हे कळेल. कमी असेल, किंवा घरची परिस्थिती अर्जानंतर बदलली असेल, तर फेरविचाराची विनंती करा. नम्र, एका पानाचं पत्र, सोबत कागदपत्रं. आपल्या लोकांना मागायला संकोच वाटतो. तिथे हे रोजचं काम आहे, कुणी वाईट मानत नाही.

कर्ज काढणार असाल तर प्रवेश पक्का करायची अनामत रक्कम भरण्याआधीच बँकेत जाऊन या. तारणाशिवाय कर्ज मिळणाऱ्या संस्थांची प्रत्येक बँकेची यादी असते, आणि छोट्या कॉलेजचं नाव त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. मग तारण काय ठेवणार, हा प्रश्न जूनमध्ये उभा राहण्यापेक्षा एप्रिलमध्ये राहिलेला बरा.

कॉलेज नको, विभाग पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि जवळपास कुणीच ते करत नाही.

मी भूशास्त्र शिकायला गेले होते. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी टेबलावर चुनखडीचा एक तुकडा ठेवला. वर्गात आम्ही अकरा जण. तुकड्यात मण्यांसारख्या गोल चकत्या रुतलेल्या होत्या, मधे बारीक भोक. मी आयुष्यभर काळ्या कातळावर वाढलेली. आपल्या बेसाल्टमध्ये असलं काही दिसत नाही. त्या चकत्या क्रिनॉइड नावाच्या समुद्री प्राण्याच्या देठाच्या होत्या, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या त्या गावात. "काय दिसतंय ते सांग," एवढंच ते म्हणाले आणि मला अवघडलेपणा न येऊ देता तीन-चार मिनिटं थांबले. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीसाठी थांबणारा शिक्षक मला पहिल्यांदा भेटला. त्या तीन-चार मिनिटांसाठी मी आजही छोट्या कॉलेजची बाजू घेते.

पण त्या विभागात प्राध्यापक होते तीनच. माझ्या दुसऱ्या वर्षी एक निवृत्त झाले, एक सोडून गेल्या, आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी कॉलेजने त्या विषयात नवे विद्यार्थी घेणं थांबवलं. राहिलेल्या एका सरांनी मला दोन विषय एकटीला बसवून शिकवले, त्यांचे उपकार विसरणार नाही. तरी खनिजशास्त्राचा जो अभ्यासक्रम पाहून मी गेले होते, तो मला मिळालाच नाही. पुस्तिकेत तो शेवटपर्यंत छापलेला होता.

म्हणून, तुमच्या विषयाच्या विभागाचं पान उघडा आणि पूर्णवेळ प्राध्यापक मोजा. 'व्हिजिटिंग' आणि 'अॅडजंक्ट', म्हणजे तात्पुरते नेमलेले, वेगळे काढा, कारण ते पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. पक्के चार-पाच असतील तर छान. दोनच असतील, तर त्यांतला एक रजेवर गेला की अर्धा विभाग रजेवर गेला असं समजा. मग अभ्यासक्रमाची पुस्तिका बाजूला ठेवून गेल्या चार सत्रांचं प्रत्यक्ष वेळापत्रक शोधा. पुस्तिकेत चाळीस विषय असतात, वेळापत्रकात त्यातले बारा दिसतात. तुम्हाला हवे असलेले वरच्या पातळीचे विषय खरोखर शिकवले गेले का, हे तिथेच कळतं. मिळालं नाही तर प्रवेश कार्यालयाकडे मागा.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कसा असतो तेही विचारा. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला एका प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन करावंच लागतं. पुढे पीएचडीला अर्ज करताना असं काम आणि ते जवळून पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र, दोन्ही उपयोगी पडतात. कोलोरॅडो कॉलेज आणि आयोवातलं कॉर्नेल कॉलेज एका वेळी एकच विषय शिकवतात, साधारण साडेतीन आठवडे. कुणाला हे अमृतासारखं वाटतं, कुणाचा जीव गुदमरतो. आपला स्वभाव ओळखून ठरवा.

आणि प्राध्यापकांना ईमेल लिहा. चार ओळी: मी कोण, काय शिकायचं आहे, तुमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं संशोधनात घेता का, आणि येत्या तीन वर्षांत विभागात काही बदल अपेक्षित आहेत का. शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. आठवडाभरात मनापासून उत्तर आलं, तर त्या कॉलेजबद्दल बरंच काही कळलं. दोन जणांना लिहूनही कुणीच उत्तर दिलं नाही, तर लहान वर्गांचा जो फायदा सांगितला जातो, तो तिथे मिळेल याची खात्री धरू नका.

इंजिनिअरिंगसाठी '३-२' योजना दाखवतात: तीन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात. चांगली मुलं ती पूर्णही करतात. पण शेवटच्या दोन वर्षांची मदत तिकडचं विद्यापीठ ठरवतं, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती मिळेलच असं नाही. तो खर्च पूर्ण भरता येणार असेल तरच ही योजना धरून चाला.

पदवीनंतर

पदवीनंतर एफ-१ वर ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीखाली, १२ महिने काम करता येतं, आणि विषय सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा भरवसा सरकारी संकेतस्थळाचाच धरा. इथे एक बारीक गोष्ट आहे: विषय स्टेम आहे की नाही, हे त्याच्या नावावरून नाही तर 'सीआयपी कोड'वरून, म्हणजे अभ्यासक्रमाला दिलेल्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून, ठरतं. साधं अर्थशास्त्र ४५.०६०१ या कोडखाली येतं आणि ते यादीत नाही; परिमाणात्मक अर्थशास्त्र ४५.०६०३ खाली येतं आणि ते आहे. दोन कॉलेजांत अभ्यासक्रम जवळपास सारखा, पण कोड वेगळा, आणि त्यावर दोन वर्षांची नोकरी अवलंबून. आपल्या विषयाचा कोड कॉलेजकडून लेखी मागून घ्या.

करिअर कार्यालयाला 'आमची ९५ टक्के मुलं मार्गी लागतात' यापुढे जाऊन विचारा: गेल्या तीन वर्षांत किती परदेशी विद्यार्थी पदवीधर झाले, आणि ते आज कुठे आहेत? छोट्या कॉलेजात ही माणसं नावानिशी ठाऊक असतात. त्यातल्या दोघांशी बोलायला द्या, म्हणा. मोठ्या कंपन्या अशा गावांत क्वचितच मुलाखतींना येतात, हे खरं आहे. नोकरी माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून आणि स्वतःच्या चिकाटीतून शोधावी लागते. पहिल्याच वर्षी कॅम्पसमधून मोठा पगार उचलायचाच आहे, किंवा मेजर आधीच पक्का असून तीन वर्षांत पदवी संपवायची आहे, अशांना मी मोठं विद्यापीठ किंवा आपल्याकडचंच चांगलं कॉलेज सुचवते. काय शिकायचं ते अजून नक्की नाही, गर्दीत हरवून जाण्याची भीती आहे, किंवा पुढे संशोधनात जायचं आहे, अशा मुलामुलींना छोटं कॉलेज मानवतं.

तिथे राहायचं आहे, हे विसरू नका

गाव नकाशावर पाहा. विमानतळ किती लांब, बस आहे का, किराणा दुकान चालत किती. जानेवारीत उणे पंधरा तापमानात चालत, हे धरून. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला आणि डिसेंबर-जानेवारीत चार-पाच आठवडे वसतिगृह उघडं असतं का, मेस चालू असते का, नसेल तर परदेशी मुलं कुठे जातात, हे विचारा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मेस बंद आहे हे मला आदल्या दिवशी कळलं. एका सहकारी मुलीच्या आजीने मला तीन आठवडे ठेवून घेतलं. सगळ्यांना अशी आजी मिळत नाही. शाकाहारी असाल तर मेसचा आठवड्याचा मेनू मागवा. सॅलड आणि चीज म्हणजे जेवण नव्हे, आणि चार वर्षं हा मोठा काळ आहे.

सध्या तिथे असलेल्या भारतीय किंवा नेपाळी विद्यार्थ्याशी फोनवर बोला, पण प्रवेश कार्यालयाने निवडून दिलेल्या एकाशीच नको. आणखी एक स्वतः शोधा.

एप्रिलचा शेवटचा आठवडा

बहुतेक कॉलेजांना १ मे पर्यंत उत्तर आणि अनामत रक्कम हवी असते. ती सहसा परत मिळत नाही. दोन ठिकाणी भरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कॉलेजांना ते चालत नाही आणि प्रवेश अडचणीत येऊ शकतो.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज पाठवतं तो प्रवेशाचा दाखला, आला की त्यावरचा विषय, कोड आणि रकमा ताडून घ्या. व्हिसाच्या मुलाखतीत "हेच कॉलेज का?" हा प्रश्न येणार, अनोळखी नावाला तर हमखास. वरची कामं केली असतील तर उत्तर पाठ करावं लागणार नाही: अमुक प्राध्यापक, अमुक विषय, चार वर्षांचा इतका खर्च, तो असा भरणार. आणि ज्या कॉलेजांना नाही म्हणायचं ठरलं आहे, त्यांना त्याच दिवशी दोन ओळींचा नकार कळवून टाका. तुम्ही सोडलेल्या जागेची वाट पाहत प्रतीक्षायादीत कुणीतरी थांबलेलं असतं.